सात डिसेंबरचे देणे

मार्गशीर्षाची चाहूल लागलेली असते, पहाटेच्या गारठ्यात उसाच्या गाड्या कारखान्याच्या वाटेला लागलेल्या असतात, शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाच्या तालमी रंगू लागतात, आणि अशाच एका दिवशी मुले छातीवर टाचणीने लावलेला इवलासा कागदी ध्वज मिरवत घरी येतात. लाल, गडद निळा आणि आकाशी असे त्याचे तीन रंग म्हणजे आपले भूदल, नौदल आणि वायुदल. १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला आपण सशस्त्र सेना ध्वजदिन पाळत आलो आहोत. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांच्या हस्ते निधी संकलनाचा शुभारंभ होतो, वीरमाता आणि वीरपत्नींना शाल-श्रीफळ दिले जाते, कचेऱ्यांतून पावतीपुस्तके फिरतात, आणि आपणही आपल्या ऐपतीप्रमाणे काहीतरी देऊन त्या पुण्याईत वाटा उचलतो. ही प्रथा चांगली आहे, आपली आहे, आणि पुढच्या पिढीच्या हाती जपून द्यावी अशीच आहे.

पण दर वर्षी फिरून येणारी तिथी थोडे थांबून मागचा-पुढचा हिशेब पाहण्यासाठीही असते. हा दिवस ठरला तेव्हा स्वातंत्र्य दोन वर्षांचे होते आणि काश्मीरची पहिली लढाई नुकतीच थांबली होती. दिवसामागे हेतू तीन होते. रणात पडलेल्यांच्या कुटुंबांचा सांभाळ, जखमी होऊन परतलेल्यांचे पुनर्वसन, आणि सेवेतल्या व निवृत्त सैनिकांचे व त्यांच्या घरच्यांचे कल्याण. यातला पहिला हेतू आपण विसरलेलो नाही. गावोगावच्या वेशीवरची हुतात्मा स्मारके त्याची साक्ष देतात. तिसराही आपल्या अंगवळणी पडला आहे. सेवा पूर्ण करून धडधाकट परतलेल्या फौजीची हलगीच्या तालावर मिरवणूक निघते, दारोदारी औक्षण होते, आणि ते दृश्य पाहणाऱ्या एखाद्या पोराच्या मनात त्याच क्षणी भरतीचे बी पडते. या दोहोंच्या मधला जो आहे, जो जिवंत परतला पण सगळा परतला नाही, ज्याचा पाय सुरुंगावर राहिला किंवा ज्याची झोप एखाद्या बर्फाळ चौकीवर राहिली, त्याच्यासाठी मात्र आपल्याकडे कमानही नाही आणि स्मारकही नाही. तो सुटीवर यावा तसा गुपचूप घरी येतो, आणि मग टपालाने येतच राहतात ती पेन्शनच्या दाव्यावरची पत्रे.

सैनिकी परंपरेबद्दल महाराष्ट्राला कुणी काही शिकवावे अशी स्थिती नाही. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावणारे साताऱ्याचे अपशिंगे आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द आजही अभिमानाने लावते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीची ओळख तर गावाच्या नावातच आहे. जखमी सैनिकाला पुन्हा उभे करण्याची परंपराही याच मातीत रुजली. १९१७ मध्ये, दूरदेशीच्या रणांगणांवरून हातपाय गमावून मुंबई बंदरात उतरणाऱ्या हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. पुढे ते खडकीला आले आणि शंभर वर्षे उलटली तरी अपंग सैनिकांना हातचे कौशल्य शिकवत आहे. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९७४ मध्ये खडकीलाच पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक केंद्र उभे राहिले. तिथे चाकाच्या खुर्चीवर बसून स्पर्धा गाजवणारे आणि हात चालत नाहीत म्हणून तोंडात कुंचला धरून चित्र रंगवणारे सैनिक राहत आले आहेत. पुण्याहून मुंबईला जाताना खडकीचे स्टेशन आपण कितीदा मागे टाकतो. एकदा तिथे उतरावे, आणि शक्यतो मुलांना घेऊन उतरावे.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली ४६ वर्षे हा आपल्या स्मरणशक्तीचा हिशेब आहे. आणि पेटकरांसारखी जिद्द, पेटकरांसारखे बाहू प्रत्येक जखमी सैनिकाला लाभत नाहीत. लाभावेत अशी अपेक्षाही आपण धरू नये. बहुतेकांना हवे असते ते पदक नसतेच. नियमाने जे आपले आहे ते वेळेवर आणि मानाने मिळावे, एवढेच त्यांचे मागणे असते.

ते नियम आपण समजून घेतले पाहिजेत, कारण या देण्याचे खरे स्वरूप त्यांतच दडलेले आहे. फौजेत ज्याला सरसकट डिसेबिलिटी पेन्शन म्हणतात, ती मिळण्यासाठी दोन प्रश्नांची उत्तरे लागतात. पहिला प्रश्न असा, की ही इजा किंवा हा आजार लष्करी सेवेमुळे झाला काय, किंवा आधीपासून असलेला आजार सेवेमुळे बळावला काय? दुसरा, अपंगत्व निदान २० टक्के आहे काय? उत्तरे देतो मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्कराच्याच डॉक्टरांची समिती. बोर्डाच्या कागदावर ‘सेवेशी संबंध नाही’ एवढे शब्द पडले, की जवानाच्या घरातली पुढची तीस-चाळीस वर्षे त्या शब्दांनी ठरतात. नेहमीच्या पेन्शनसाठी जवानाला १५ वर्षांची सेवा लागते. आठव्या-नवव्या वर्षी ‘बोर्ड आऊट’ होऊन, म्हणजे बोर्डाने सेवेस अपात्र ठरवल्याने, घरी आलेल्याच्या हाती या एका कलमाखेरीज फारसे काही उरत नाही. शिवाय युद्धात, सीमेवरच्या चकमकीत किंवा अतिरेक्यांशी लढताना जायबंदी झालेल्यांसाठी वेगळी, अधिक उदार अशी युद्धजखमी पेन्शन आहे, आणि तिथे संबंधाबद्दल फारसा वाद उद्भवत नाही. गोळीची खूण कुणालाही दिसते. वाद होतो तो न दिसणाऱ्या जखमांचा.

उंचावरच्या थंडीने मंदावलेले रक्ताभिसरण, स्फोटांच्या आवाजाने गेलेले कान, महिनोन्‌महिने एकाच मोर्चात दबा धरून राहिल्यानंतर अचानक येऊ लागलेले फेफरे, घरच्या चिंता आणि हातातली बंदूक यांच्या ताणात तुटलेले मन, यांची गोळी कुठून काढून दाखवायची? सिग्नल्समधल्या एका शिपायाची कहाणी या दृष्टीने मोलाची आहे. तो १९८५ मध्ये भरती झाला तेव्हा वैद्यकीय तपासणीत निर्दोष होता. १९९४ मध्ये त्याला फेफऱ्याच्या आजारामुळे घरी पाठवले गेले. अपंगत्व २० टक्के ठरले, पण आजार मूळ प्रकृतीचा आहे, सेवेशी संबंध नाही, असा शेरा पडला आणि पेन्शन नाकारली गेली. कज्जा कोर्टाच्या एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढत-उतरत राहिला, आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर कोणत्याही आजाराची नोंद नाही, तो तेव्हा निरोगी होता असेच धरले पाहिजे. पुढे प्रकृती ढासळली तर ती सेवेमुळेच ढासळली असे मानले पाहिजे. आणि तसे नाही म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, सैनिकाची नाही. शंका उरली तर तिचा फायदा सैनिकाला. हे नवे तत्त्वही नव्हते. ते पूर्वापार नियमपुस्तकातच लिहिलेले होते. ते वाचून दाखवायला एकोणीस वर्षे लागली.

रकमेचा भाग थोडक्यात पाहू. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते आणि अपंगत्वाच्या प्रमाणात ती कमी होत जाते. म्हणजे ४०,००० रुपये वेतन असलेल्याला २० टक्के अपंगत्वाचे महिना २,४०० रुपये. शरीराचे नुकसान असे टक्क्याटक्क्याने मोजणे अवघड असते, दोन डॉक्टर दोन आकडे सांगतात, हे ओळखून पाचव्या वेतन आयोगानंतर १९९६ पासून टप्पे ठरले. पन्नासच्या आतले अपंगत्व ५० धरायचे, पुढचे ७५ पर्यंत ७५, आणि त्यावरचे १००. त्या हिशेबाने २,४०० चे ६,००० होतात. पण हा लाभ मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच दिला जाई. जो जवान तसल्याच दुखण्यासह कुरकुर न करता पूर्ण सेवा करून निवृत्त झाला, तो वंचित राही. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मिटवला. दुखणे अंगावर काढून जो अखेरपर्यंत उभा राहिला त्याला कमी द्यावे, हे कोणत्या न्यायात बसत होते याचे उत्तर आजही सापडत नाही.

सुटीतल्या अपघातांचा प्रश्न मात्र खरोखर नाजूक आहे, आणि तिथे नियमाची कठोरता आपण समजून घेतली पाहिजे. पलटणीतून रजेवर घरी येताना किंवा रजा संपवून परत जाताना झालेला अपघात सेवेतलाच धरला जातो. पण रजेवर असताना गावात मोटारसायकल घसरली, शेतात काम करताना हात यंत्रात गेला, तर सेवेशी संबंध दाखवावा लागतो आणि न्यायालयांनी असे दावे अनेकदा फेटाळले आहेत. ऐन उमेदीत जायबंदी झालेल्या त्या जवानाच्या आईवडिलांना हा फरक समजावून सांगताना शब्द अडतात, तरीही रेषा कुठेतरी ओढावी लागते हे मान्य करावे लागेल.

सरकारची बाजूही आपण मोकळ्या मनाने ऐकली पाहिजे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने दाखवले, की दर वर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के आणि जवानांपैकी सुमारे १८ टक्के अपंगत्वाचा लाभ घेत होते, आणि त्यांत रक्तदाब, मधुमेह यांसारख्या जीवनशैलीच्या आजारांचा वाटा मोठा होता. अधिकाऱ्यांचा आकडा जवानांच्या दुपटीहून अधिक असावा, हे विचारात पाडणारे आहे. त्याच वर्षी २१ सप्टेंबरपासून नवे नियम लागू झाले. पात्रतेची चौकट आवळली जाईल अशी भीती माजी सैनिकांनी तेव्हाच बोलून दाखवली. कोणी सवलतीचा गैरफायदा घेत असेल तर त्याला रोखलेच पाहिजे. त्याने ओरबाडलेला पैसा शेवटी खडकीच्या खुर्चीवरल्या माणसाच्याच वाट्याचा असतो. पण त्यासाठी प्रत्येक दावेदाराकडे संशयाने पाहणे हा उपाय नव्हे. बोर्डाने रुग्णाला नीट तपासावे, मत देताना कारणे लिहावीत, आणि ती कारणे सामान्य माणसाला कळतील अशी असावीत. मे २०२५ मध्ये, मानसिक आजारामुळे घरी पाठवलेल्या एका सैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले, की कारणांवाचून दिलेले बोर्डाचे मत टिकत नाही.

आणि खटल्यांचे काय? २००९ पासून सशस्त्र सेना न्यायाधिकरण काम करते आहे; त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. जवान तिथे जिंकतो. मग त्या निकालाविरुद्ध त्याचेच सरकार वरच्या कोर्टात जाते, प्रश्न पूर्वीच निकालात निघालेला असला तरी जाते. ज्याच्या गणवेशावर कधीकाळी राष्ट्राची मुद्रा होती, त्याला म्हातारपणी समन्सवर तीच मुद्रा पाहावी लागते. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांना ही गोष्ट सलली. २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली, आणि सैनिकांविरुद्धची अनावश्यक अपिले थांबवावीत हा तिच्या शिफारशींचा गाभा होता. पर्रीकर आज नाहीत. त्यांच्या नावाने उत्सव करणाऱ्या सर्वांनी त्या अहवालातील किती शिफारशी प्रत्यक्षात उतरल्या, हे एकदा तपासावे. त्यांच्या स्मृतीला याहून सार्थ अभिवादन दुसरे नसेल.

खडकीपासून काही कोसांवर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. दर सहा महिन्यांनी तिथून तरुणांची एक तुकडी संचलन करत बाहेर पडते, आणि ते दृश्य पाहताना आपली मान ताठ होते. पण त्या तुकडीबरोबर सुरुवात केलेला एखादा मुलगा मध्येच घोड्यावरून पडलेला असतो, पोहण्याच्या तलावात किंवा मुष्टियुद्धाच्या रिंगणात त्याच्या कण्याला किंवा मेंदूला मार बसलेला असतो. तो घरी जातो. कमिशन मिळालेले नसल्याने नियमाच्या दृष्टीने तो अधिकारी नसतो, माजी सैनिकही नसतो. जवान म्हणून भरती झालेला मुलगा प्रशिक्षणात जायबंदी झाला तर त्याला पेन्शनचा हक्क आहे. छात्राला मात्र सानुग्रह मासिक रक्कम, तीही कृपा म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपणहून हा प्रश्न हाती घेतला, आणि त्याच महिन्याअखेरीस या छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची दारे उघडली गेली. इतक्या वर्षांनी का होईना, एक पाऊल पडले याचे समाधान आहे. पेन्शनचा हक्क अजून बाकी आहे, आणि तो देण्यात सरकारने न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहू नये.

अग्निवीरांचा प्रश्न याहून मोठा होणार आहे. पहाट फुटण्याआधी आपल्या तालुक्यांच्या रस्त्यांवर धावणारी पोरे आपण रोज पाहतो. त्यांपैकी जो अग्निवीर म्हणून भरती होईल आणि सेवेमुळे अपंग होईल, त्याला अपंगत्वाच्या टप्प्यानुसार एकरकमी ४४, २५ किंवा १५ लाख रुपये मिळतात. आयुष्यभराची पेन्शन नाही. एकविसाव्या वर्षी कमरेखाली लुळा झालेला मुलगा पुढे पन्नास वर्षे जगणार असतो. रोजची नळी, पिशवी, शय्याव्रणांची मलमपट्टी, उचलायला-बसवायला लागणारा माणूस, हे सारे दर महिन्याला लागते, आणि दर वर्षी महागते. एकरकमी पैसा बहिणीच्या लग्नात जातो, घराच्या स्लॅबमध्ये जातो, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. सैन्यभरतीची पद्धत कोणती असावी यावर मतभेद असू शकतात. मात्र देशाच्या कामी आलेल्या शरीराची काळजी ते शरीर आहे तोवर घेतली पाहिजे, यावर मतभेद नसावा, आणि संसदेतल्या आपल्या प्रतिनिधींना हे आपणच सांगायला हवे.

सरकारने करायचे ते सरकार करील किंवा आपण त्याला करायला लावू. आपल्या हातातले काम त्याहून साधे आहे. आपल्या गावात, वाडीत, सोसायटीत एखादा फौजी मुदतीआधी ‘बोर्ड आऊट’ होऊन आला असेल, किंवा दुखणे घेऊन निवृत्त झाला असेल आणि कधीकाळी दावा नाकारल्याचे पत्र पेटीत ठेवून गप्प बसला असेल, तर या आठवड्यात त्याच्याकडे जाऊ या. त्याचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, मेडिकल बोर्डाची प्रत आणि ते नकाराचे पत्र एकत्र करून त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जाऊ या. पेन्शनची कामे आता प्रयागराजच्या कार्यालयातून ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर चालतात. ज्याला मोबाइलचा पडदा वाचता येत नाही, त्याच्याशेजारी आपल्या घरातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाने तासभर बसावे. तो फौजी हयात नसेल तर त्याच्या पत्नीला विचारावे. तिला बहुधा कुणीच काही सांगितलेले नसते.

आणि फार उशीर झाला म्हणून त्याने हात झटकले, तर त्याला एवढे जरूर सांगावे. पेन्शनचा हक्क उशिराने बुडत नाही. मात्र थकबाकी न्यायालये साधारणपणे दाद मागितल्याच्या दिवसापासून मागच्या तीन वर्षांचीच देतात. त्यामुळे पुढच्या सात डिसेंबरची वाट पाहिली, तर त्यातले एक वर्ष कायमचे गेलेले असेल.